तालीम, कवायत आणि मलंगगडाचा कडा

परभाषेतून आलेले काही शब्द मराठीत रुळताना आपला मूळ अर्थ मागे ठेवून येतात. ‘तालीम’ हा असाच एक शब्द. अरबीत त्याचा अर्थ शिकवण, शिक्षण. उर्दूनेही तोच जपला. मराठीत मात्र तालीम म्हणजे लाल मातीचा हौदा, आणि नाटकमंडळींच्या तोंडी प्रयोगापूर्वीचा सराव. ‘कवायत’ या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. ‘कायदा’ या शब्दाचे मूळ अरबी अनेकवचन म्हणजे कवायत, अर्थात नियमांचा समुच्चय. उर्दूत या शब्दाने व्याकरणाचा बोध होतो. मराठीत तो शिपायांच्या संचलनाला लावला जातो. बुद्धीच्या प्रांतातले हे दोन्ही शब्द मराठीने शरीराच्या स्वाधीन केले. याला शब्दांचे अवमूल्यन म्हणावे, की शरीराच्या शिक्षणाविषयीची एक जुनी जाण म्हणावी? उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याच्या इतिहासात या प्रश्नाचा शोध घेता येतो.

या तिन्ही गावांच्या क्षितिजावर मलंगगडाचा डोंगर दिसतो. पीरमाची, सोनमाची आणि त्यावर उभ्या कातळाचा बालेकिल्ला अशी त्याची चढती रचना आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात, १७८० साली, कॅप्टन ॲबिंग्टनच्या तुकडीने या गडावर हल्ला केला. खालचा भाग तिच्या हाती लागला; पण गडावरची शिबंदी वर बालेकिल्ल्यात निघून गेली आणि तो काही इंग्रजांना घेता आला नाही. उलट मराठी फौजेने खालून कोंडी केल्यामुळे हल्लेखोरच अडकले. अखेर कर्नल हार्टलेच्या सैन्याने येऊन त्यांची सुटका केली.

कंपनीची पलटण म्हणजे त्या काळच्या कवायतीचा आदर्श नमुना. एका हुकमासरशी बंदूक भरणे, रांग न मोडता पुढे सरकणे, शेजारचा पडला तरी पाऊल न चुकवणे, हे तिचे बळ होते. मराठ्यांनाही या बळाची जाणीव होती. १७६१ मध्ये पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदी याच पद्धतीने लढले, आणि १७८४ नंतर महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या. परंतु रांगेला सपाट जमीन लागते. कड्याच्या अरुंद पायऱ्यांवर रांग उरत नाही. तिथे माणूस एकटा असतो आणि त्याची भीतीही त्याची एकट्याचीच असते.

मग कवायत निरुपयोगी ठरते काय? गिर्यारोहणाचा अनुभव याला नकार देतो. कातळावर चढणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा की, दोन हात आणि दोन पाय या चार आधारांपैकी एका वेळी एकच हलवावा, बाकीचे तीन घट्ट असावेत. हाही नियमच, म्हणजे कवायतच. फरक इतकाच की, इथे हुकूम देणारा कोणी नसतो. नियम इतका अंगी मुरलेला असावा लागतो की, भीतीने मन गोठले तरी हाताला तो आठवावा. व्याकरण शिकलेला माणूस बोलताना व्याकरण आठवत बसत नाही, तसेच हे आहे.

या मुरण्याच्या प्रक्रियेचा शास्त्रीय शोध घेणारे एक महत्त्वाचे केंद्र याच लोहमार्गावर, कर्जतच्या पुढे घाट चढल्यावर लागते. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने आणि प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजून पाहावा, ही त्यांची भूमिका होती. ते स्वतः बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. म्हणजे तालमीतूनच प्रयोगशाळेत गेलेले. व्यायाम, प्राणायाम, नियम आणि संयम हे चारही शब्द ‘यम्’ या एकाच धातूपासून आलेले आहेत, याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष सहसा जात नाही. शरीर, श्वास आणि मन यांची जी फारकत आपण गृहीत धरतो, ती भाषेला ठाऊकच नाही.

नियमांचा सांगाडा मागे राहतो आणि त्यात निराळेच जीवन येऊन वसते, याचे उदाहरण म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्याची संक्रमण छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे तिच्या बराकींमध्ये राहू लागली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शिपाई गेले, पण ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ हे पत्ते आजही तसेच आहेत. सैनिकी शिस्तीने आखलेल्या चौकटीत निर्वासितांनी दुकाने थाटली, संसार मांडले. चौकट छावणीची होती. तग धरण्याचे बळ मात्र त्यांनी बरोबर आणले होते. कोणत्याही कवायतीत ते शिकवता आले नसते.

आज या शहरांच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले-मुली दिसतात. त्यातली पुष्कळशी पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. अलीकडच्या भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. त्यानंतरच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत गणित, बुद्धिमत्ता आणि सामान्य ज्ञान यांच्या जोडीला मराठी व्याकरणही असते. पहाटे कवायत आणि संध्याकाळी व्याकरण! ज्या दोन अर्थांची भाषांनी वाटणी करून घेतली, ते दोन्ही ही मुले एकाच दिवसात गिरवतात.

आणि दुपारी यांतलीच काही मुले आपल्या मराठीच्या वर्गात मागच्या बाकावर पेंगत असतात. ‘भरतीवाली मुले’ म्हणून आपण त्यांच्याकडे काणाडोळा करतो. साहित्य हा बुद्धीचा व्यवहार आणि धावणे हा पायांचा, अशी विभागणी आपल्या मनात पक्की असते. ‘तालीम’ या शब्दाला ती मान्य नाही. समास आणि संधी पाठ करणारा तो मुलगा सहा तासांपूर्वी श्वासाची लय सांभाळत शेवटची फेरी पुरी करत होता. त्याच्यापुरता तो एकच अभ्यास आहे. त्याला व्याकरण शिकवताना एवढे जरी आपण ध्यानात ठेवले, तरी ‘तालीम’चा हरवलेला अर्धा अर्थ वर्गात परत येईल.