समुद्राचा शिकारी, समुद्राचा राखणदार

थोर पुरुषांचें चरित्र लिहितांना त्यांच्या पूर्वायुष्यांतील चुकांवर पांघरूण घालण्याची रीत आपल्याकडे बरीच रुळलेली आहे. आमच्या मतें अशा पांघरुणानें चरित्रनायकाचा मोठेपणा वाढत तर नाहींच, उलट तो मोठेपणा त्याच्या ठिकाणीं आला कोठून, हें वाचकांस कधीं कळत नाहीं. समुद्राच्या पोटांत मनुष्यास मोकळेपणानें हिंडावयास शिकविणारा, आणि पुढें त्याच समुद्राच्या रक्षणासाठीं सरकारांशीं झगडणारा फ्रेंच संशोधक झाक कूस्तो याची हकीकत आम्ही येथें देत आहों, ती हेंच मनांत धरून.

कूस्तोचा जन्म ११ जून १९१० रोजीं बोर्दो शहराजवळच्या एका लहान गांवीं झाला. १९३० सालीं तो नौदलाच्या विद्यालयांत शिरला. पण त्याची हौस होती वैमानिक होण्याची. १९३६ सालीं मोटारीच्या अपघातांत त्याचे हात जायबंदी झाले आणि ती आशा संपली. हातांत पुन्हां बळ यावें म्हणून तूलाँ बंदराजवळ तो पोहूं लागला. तेथें फिलिप तायिए या सहकारी अधिकाऱ्यानें त्याला पाण्यांत वापरावयाचा चष्मा दिला. तो लावून कूस्तोनें डोकें पाण्याखालीं घातलें, आणि त्याच्या आयुष्याची दिशा त्या क्षणीं ठरली.

त्या काळचा पाणबुड्या म्हणजे दाव्याला बांधलेलें जनावर. डोक्यावर धातूचें अवजड शिरस्त्राण, पायांत शिशाचे जोडे, आणि हवेसाठीं वरच्या होडीपर्यंत गेलेली नळी. नळीच्या लांबीपलीकडे त्याला पाऊल टाकतां येत नसे. हवा पाठीवर बांधून नेण्याचे प्रयत्न पूर्वींहि झाले होते. अडचण होती ती हवा योग्य प्रमाणांत सोडण्याची. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब सुमारें एका वातावरणानें वाढतो, आणि भोंवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा मिळाली नाहीं तर श्वास घेणेंच अशक्य होतें. महायुद्धांत फ्रान्स जर्मनांच्या ताब्यांत असतां पेट्रोल मिळेनासें झालें होतें. म्हणून मोटारी गॅसवर चालविण्यासाठीं एमिल गान्याँ या इंजिनीयरानें एक झडप तयार केली होती. तींतच फेरफार करून १९४३ सालीं दोघांनीं असें यंत्र सिद्ध केलें कीं, पाणबुड्यानें श्वास ओढतांच त्या खोलीच्या दाबाची हवा यावी आणि श्वास सोडतांच ती थांबावी. आज मालवणच्या समुद्रांत हौशी मंडळी पाठीवर नळकांडें बांधून प्रवाळ पाहावयास उतरतात, ती याच यंत्राच्या वंशजावर श्वास घेतात. मात्र हें स्वातंत्र्य फुकट मिळालें नाहीं. १९४७ सालीं मोरिस फार्ग हा कूस्तोचा सोबती खोलीचा विक्रम करूं जातां सुमारें १२० मीटरांवर बेशुद्ध झाला व दगावला.

१९५० सालीं एका इंग्रज धनिकानें युद्धांत सुरुंग काढण्यासाठीं बांधलेलें एक जुनें जहाज विकत घेतलें आणि वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्यानें कूस्तोच्या हवालीं केलें. हेंच तें ‘कॅलिप्सो’. या जहाजावरून कूस्तोनें लुई माल या तरुण दिग्दर्शकाच्या साह्यानें ‘मौनाचें जग’ हा बोलपट काढला, आणि १९५६ सालीं कान येथील महोत्सवांत त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. समुद्रतळाचे रंग जगानें प्रथम डोळे भरून पाहिले ते बहुतांशीं या बोलपटांत. पण त्यांतील दोन प्रसंग आज पाहवत नाहींत. एकांत प्रवाळांच्या उथळ पाण्यांत सुरुंगाची दारू उडवून मासे मारले जातात. हेतु इतकाच कीं, तेथील माशांच्या जाती मोजतां याव्या. दुसऱ्यांत देवमाशाचें पिल्लूं जहाजाच्या पंख्यांत सांपडून घायाळ होतें. त्याच्या रक्तावर शार्क मासे जमतात, आणि जणूं त्यांनींच अपराध केला अशा त्वेषानें खलाशी त्यांना आंकड्यांनीं वर ओढून ठार मारतात.

हें दडवून ठेवावें असें त्या वेळीं कोणासच वाटलें नाहीं, आणि आमच्या दृष्टीनें खरी ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट तीच आहे. समुद्र अक्षय आहे, त्यांतून कितीहि घागरी उपसल्या तरी तो आटत नाहीं, ही त्या पिढीची श्रद्धा होती. १९५४ सालीं याच ‘कॅलिप्सो’नें अबुधाबीजवळ तेलकंपनीसाठीं समुद्रतळाची पाहणी केली. १९६२ पासून १९६५ पर्यंत कूस्तोनें पाण्याखालीं घरें उभारून त्यांत माणसें राहावयास ठेविलीं. शेवटच्या प्रयोगांत सहा जण सुमारें १०० मीटर खोलीवर तीन आठवडे राहिले. समुद्रांत मनुष्याची वसाहत व्हावी, असाच तेव्हां त्याचा मनोरथ होता.

त्याचें मन पालटलें तें एका दिवसांत नव्हे. त्याच त्याच किनाऱ्यांशीं तो वर्षानुवर्षें उतरत राहिला, आणि जेथें तरुणपणीं माशांचीं खिल्लारें पाहिलीं होतीं तेथें ओस पडलेले खडक त्याला दिसूं लागले. समुद्र एकदांच पाहणाऱ्यास तो नेहमींच भरलेला भासतो. काय गेलें तें जुन्या ओळखीच्या माणसासच कळतें. १९५७ सालीं तो मोनाको येथील समुद्रशास्त्रीय संग्रहालयाचा संचालक झाला. १९६० सालीं फ्रान्सच्या अणुशक्तिखात्यानें किरणोत्सर्गी कचरा भूमध्य समुद्रांत बुडविण्याचें योजिलें, तेव्हां नौदलांत हयात घालविलेल्या या गृहस्थानें आपल्याच सरकारास उघड विरोध केला. किनाऱ्यावरील लोकहि खवळले, आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

१९७३ सालीं त्यानें समुद्ररक्षणासाठीं स्वतंत्र संस्था स्थापिली. १९७९ सालीं या कार्यांतील त्याचा उजवा हात, धाकटा मुलगा फिलिप, लिस्बनजवळ विमान-अपघातांत मरण पावला. सत्तरीला टेकलेला बाप तरी कामावरून उठला नाहीं. १९८८ सालीं अंटार्क्टिक खंडांत खनिजें काढण्यास वाट करून देणारा करार राष्ट्रांनीं तयार केला. कूस्तोनें त्याविरुद्ध लक्षावधि लोकांच्या सह्या गोळा केल्या; फ्रान्स व ऑस्ट्रेलिया यांनीं माघार घेतली; आणि १९९१ सालीं माद्रिद येथें खनिजकर्मास बंदी घालणारा दुसरा करार झाला. एकेकाळीं तेलाच्या शोधास साह्य करणारा हाच तो मनुष्य.

कोणी म्हणतील, समुद्राचें दार यानेंच उघडलें, गर्दी यानेंच आंत सोडली. मग राखण करण्याचा आव कशाला? आक्षेप खोटा नाहीं. परंतु दार बंद होतें तेव्हां समुद्र सुरक्षित होता असेंहि नाहीं. जाळीं आणि गटारें दाराची वाट पाहत नव्हतीं. आंत काय मरत आहे हें मात्र तोंवर कोणाच्या दृष्टीस पडत नव्हतें. शिवाय ‘मौनाचें जग’ आजहि जसाच्या तसा पाहावयास मिळतो. कूस्तोच्या उत्तरायुष्याची किंमत करावयाची असेल, तर तो प्रथम पाहावा.

कूस्तो २५ जून १९९७ रोजीं पॅरिस येथें वारला. माद्रिदचा करार अंमलांत आला तो त्यानंतर, १९९८ च्या जानेवारींत. तो दिवस पाहण्याचें भाग्य त्यास लाभलें नाहीं. पण जी भूमि त्यानें वांचविण्यास हात लाविला, तेथें खनिजांसाठीं अद्यापि कुदळ पडलेली नाहीं.