ग्यूझ : आंबट बिअरची पारख

ग्यूझ हा बेल्जियममधील आंबट बिअरचा एक प्रकार. ब्रसेल्स शहर आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटनलँड हा शेतीप्रधान टापू येथे 'लँबिक' नावाची बिअर बनते. तिचे एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेले साठे एकत्र करून बाटलीत पुन्हा आंबवले की ग्यूझ तयार होते. मद्यार्काचे प्रमाण साधारण ५ ते ८ टक्के, रंग सोनेरी, कडवटपणा नाममात्र. आंबट बिअरची पारख शिकायची असेल तर ग्यूझपासून सुरुवात करावी, कारण ती कशी घडली याचा जवळजवळ प्रत्येक टप्पा तिच्या वासात आणि चवीत सापडतो.

लँबिकसाठी बार्लीच्या माल्टसोबत मोड न आणलेला गहू किमान ३० टक्के घेतात. हॉप्स मुद्दाम जुने, वाळलेले वापरतात. त्यांचा कडवटपणा गेलेला असतो, पण बिअर टिकवण्याचा गुण उरलेला असतो. उकळलेला रस छताखालच्या उथळ, पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवतात. त्याला विरजण असे लावतच नाहीत. हवेतून आणि वास्तूतून जे सूक्ष्मजीव येतील तेच त्याला आंबवतात. उन्हाळ्यात नको ते जिवाणू बळावतात आणि रस वेळेत थंडही होत नाही, म्हणून हे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढेच चालते. ब्रसेल्सच्या अँडरलेख्त भागातली १९०० साली सुरू झालेली काँतियों ही ब्रूअरी अजून याच रीतीने काम करते. १९७८ पासून ती संग्रहालय म्हणूनही खुली आहे.

पुढचा सगळा प्रवास लाकडी पिंपात होतो. सुरुवातीचे काही आठवडे एंटेरोबॅक्टेरिया गटातले जिवाणू काम करतात, मग नेहमीचे यीस्ट मद्यार्क तयार करते. काही महिन्यांनी पेडिओकॉकस हा जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवू लागतो. या काळात बिअरला नासलेल्या आमटीसारखी तार सुटते आणि लोण्याचा वास येतो. हे दोन्ही दोष नंतर ब्रेटॅनोमायसीझ हे सावकाश वाढणारे यीस्ट निस्तरते. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एन. हेल्टे क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये ते इंग्लिश बिअरमधून ओळखले, म्हणून त्याच्या नावाचा अर्थ 'ब्रिटिश बुरशी' असा होतो.

परीक्षणाची बाटली आदल्या दिवसापासून हलवू नये. तळाशी यीस्टचा साका असतो. आडव्या ठेवलेल्या बाटल्या वेताच्या परडीत तशाच कलत्या ठेवून उघडण्याची बेल्जियममधली पद्धत त्यासाठीच आहे. बूच निघताना शॅम्पेनइतका जोर जाणवतो. पेला अर्धाच भरावा आणि आधी नाक लावावे, कारण काही गंध मिनिटाभरात उडून जातात. फार गार बिअरला वासच येत नाही. १० ते १२ अंश सेल्सिअस तापमान योग्य.

पहिल्या हुंगण्यात ओले गवत, गोठा, घोड्याच्या खोगिराखालची घोंगडी असे वास आले तर नवखा माणूस पेला बाजूला सारतो. पण ब्रेटॅनोमायसीझने आपले काम केल्याची ती खूण आहे आणि इथे तिला गुण मिळतात. मात्र त्या वासामागे लिंबाची साल, हिरवे सफरचंद, मध असे काहीतरी उजळ हवे. नुसता गोठा असेल तर मिश्रण फसले. जुन्या चीजचा वास जुन्या हॉप्समधून येतो; तो पुसटसा चालतो, ठळक चालत नाही. धूर, विष्ठा किंवा कुजक्या भाजीचा वास म्हणजे पहिल्या टप्प्यातली घाण शेवटपर्यंत गेलेली नाही.

ग्यूझ किती आंबट आहे, या प्रश्नाला पारखीत फारसे महत्त्व नाही. आंबटपणा कोणत्या जातीचा आहे, हे विचारावे. ताकाचा आंबटपणा जिभेवर पसरतो, शिरक्याचा घशाशी जाऊन लागतो, कच्च्या कैरीने दात आंबतात. लॅक्टिक आम्ल पहिल्या जातीचे, ॲसेटिक आम्ल दुसऱ्या. चांगल्या ग्यूझमध्ये पहिले पुढे आणि दुसरे जेमतेम जाणवण्याइतके असते. शिरका वरचढ झाला तर पिंपात हवा शिरली असे समजावे, कारण ॲसेटिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. सोबत नेलपॉलिश रिमूव्हरचा दर्प असेल तर शंकाच नको.

बीजेसीपी या परीक्षक-संस्थेच्या पत्रकात एकूण ५० गुण असतात : वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५ आणि एकंदर प्रभाव १०. इतर बिअरसाठी ही वाटणी ठीक आहे, पण ग्यूझमध्ये स्पर्शाला ५ गुण फारच कमी पडतात. बारीक, भरपूर बुडबुडे आणि लाकडाचा हलका तुरटपणा यांच्या आधारावरच तिचा आंबटपणा उभा असतो. फसफस गेलेली ग्यूझ तीच आम्ले असूनही चपटी आणि बोचरी लागते.

एक दोष नाकाला कळतच नाही. घोट गिळल्यावर काही सेकंदांनी घशामागून उंदराच्या पिंजऱ्यासारखा कुबट वास चढतो. त्याला कारण असलेली संयुगे आम्लात दबून राहतात आणि लाळेने आम्ल निवळले की मोकळी होतात. मनगटावर थेंबभर बिअर चोळून हुंगले तरी ती पकडता येतात. काही माणसांना हा वास अजिबात येत नाही, त्यामुळे एकाच परीक्षकाच्या शब्दावर निकाल देणे अन्यायाचे ठरते. हा दोष बाटलीत काही महिन्यांनी आपोआप निवळू शकतो. तार सुटण्याचेही तसेच. समोरच्या घोटाला गुण कमी द्यावेत, पण पत्रकावर 'अजून ठेवावी' असा शेराही लिहावा. बनवणाऱ्याला गुणांपेक्षा तो जास्त कामाचा.

लेबलवरचा 'आउडे' म्हणजे 'जुनी' हा शब्द महत्त्वाचा. १९९७ पासून युरोपीय संघात या नावाला संरक्षण आहे. मिश्रणाचे सरासरी वय किमान एक वर्ष आणि त्यातला सर्वांत जुना भाग किमान तीन वर्षांचा असावा लागतो. हा शब्द नसलेली ग्यूझ गोड केलेली असू शकते, म्हणून दोघींना एका रांगेत बसवू नये.

पुण्यात कोकम घालून केलेल्या आंबट बिअर मिळतात. अशा बिअर बहुधा दुसऱ्या रीतीने होतात. लॅक्टोबॅसिलस घालून रस एक-दोन दिवसांत आंबवतात, मग उकळून जिवाणू मारतात आणि नेहमीच्या यीस्टने आंबवतात. तिथे परीक्षकाने स्वच्छ, सरळ आंबटपणा आणि फळाचा खरा स्वाद शोधावा. ग्यूझला गुण मिळवून देणारा गोठ्याचा वास या बिअरमध्ये आला तर तो दोष धरावा.