रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्या म्हणतात. पण रूम नागपुरातली असेल तर?

रेड वाइनबद्दल एक सल्ला हमखास दिला जातो: ती फ्रिजमध्ये ठेवू नका, रूम टेम्परेचरला प्या. मे महिन्यात नागपूरचा पारा ४४-४५ अंश सेल्सिअसवर जातो. कूलर लावूनही खोलीत ३० अंशांच्या वर तापमान असतं. अशा खोलीत ठेवलेली रेड वाइन ग्लासात ओतली, तर चांगली बाटलीही कडवट आणि जळजळीत लागते. मग दोष बाटलीला दिला जातो, पण चूक सल्ल्यात असते.

हा सल्ला नेमका आला कुठून? आणि फ्रान्समध्ये रोजच्या जेवणासोबत घेतली जाणारी साधी रेड वाइन नागपुरात चाखायची आणि वाढायची कशी?

'रूम टेम्परेचर' म्हणजे कुठली रूम?

फ्रेंच भाषेत 'शाम्ब्रे' असा शब्द आहे. तळघरातली थंड बाटली जेवणाआधी घरात आणून ठेवणं, असा त्याचा अर्थ. घरं यंत्रानं गरम करण्याची सोय नव्हती, त्या काळातला हा शब्द. तेव्हा फ्रान्समधल्या घरात तापमान साधारण १६ ते १८ अंश असायचं. म्हणजे 'रूम टेम्परेचर' याचा अर्थ १६ ते १८ अंश.

नागपुरात घरातलं तापमान याच्या जवळपास जातं ते फक्त डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत. बाकी वर्षभर रेड वाइनलाही फ्रिज लागतोच.

गरम वाइनमधलं अल्कोहोल वेगानं उडतं. त्याचा भपका नाकात शिरतो आणि फळांचा वास दबून जातो. उलट वाइन फार थंड असेल तर वास जवळपास येतच नाही आणि तुरटपणा टोचतो. म्हणून मधलं तापमान महत्त्वाचं.

रोजची फ्रेंच रेड म्हणजे कोणती?

फ्रान्समध्ये सगळेच हजारो रुपयांची वाइन पीत नाहीत. दक्षिणेकडच्या रोन नदीच्या खोऱ्यातली 'कोत द्यु रोन' ही घरोघरी चालणारी वाइन तिकडच्या सुपरमार्केटमध्ये पाच-सहा युरोंनाही मिळते. ती प्रामुख्यानं ग्रेनाश आणि सिरा या द्राक्षांची असते. 'बोजोले' ही दुसरी. गॅमे नावाच्या द्राक्षापासून बनणारी ही वाइन हलकी, कमी तुरट आणि थोडी थंड केलेलीच चांगली लागते.

भारतात मात्र ही स्वस्ताई टिकत नाही. आयात केलेल्या वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं आहे. त्यावर राज्याचे कर आणि विक्रेत्याचा नफा. तिकडची रोजची बाटली इकडे खास प्रसंगाची होते ती अशी.

पण एक सोपा पर्याय आहे. रोनमधलं सिरा आणि नाशिकच्या बाटलीवर दिसणारं 'शिराझ' हे एकच द्राक्ष आहे. फरक हंगामाचा. फ्रान्समध्ये द्राक्षांची तोडणी साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरदरम्यान होते. नाशिकमध्ये वेलींची छाटणी वर्षातून दोनदा करून पीक एकदाच घेतात आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते.

चाखायची कशी?

१. बघा: पांढऱ्या कागदासमोर ग्लास तिरका धरा. कडेला जांभळट छटा असेल तर वाइन तरुण, विटकरी छटा असेल तर जुनी. रोजच्या वाइनमध्ये जांभळट छटा चांगली, कारण ती फार साठवण्यासाठी नसतेच.

२. वास घ्या: ग्लास एक तृतीयांशच भरा, हलकेच फिरवा आणि हुंगा. सिरामध्ये काळी मिरी जाणवते. हा भास नाही. मिऱ्याला त्याचा वास देणारं रोटंडोन हे रसायन या द्राक्षातही असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच खराब आहे. व्हिनेगरसारखा आला तर वाइन उतरली आहे.

३. घोट घ्या: तोंडात क्षणभर घोळवा. लिंबासारखी लाळ सुटली तर तो आंबटपणा. कोरा चहा जास्त उकळल्यावर किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ कोरडी होते, तसं झालं तर ते टॅनिन. ताक आणि सायीचं दूध तोंडात जसं वेगळं जाणवतं, तसाच हलक्या आणि दाट वाइनमधला फरक.

४. थांबा: गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहा. साध्या वाइनची चव लवकर जाते, पण ती स्वच्छ असावी.

वाढायची कशी?

उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये पूर्ण गार करा आणि वाढण्याच्या पाच-दहा मिनिटं आधीच बाहेर काढा. घाई असेल तर बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ टाकून बाटली १०-१५ मिनिटं बुडवा. थंडीच्या दिवसांत अर्धा तास फ्रिज पुरतो.

ग्लास दांड्याला धरा, हाताच्या उबेनं वाइन तापते. एका वेळी थोडीच ओता. बूच काढून बाटली नुसती उघडी ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही, कारण मानेतून हवा लागते ती नाण्याएवढ्या जागेला. तुरटपणा कमी करायचा असेल तर वाइन काचेच्या जगमध्ये ओता.

उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. न उघडलेली बाटली मात्र फ्रिजच्या माथ्यावर, माळ्यावर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. उष्णतेनं बूच वर सरकतं आणि वाइन शिजल्यासारखी लागते.

सावजीसोबत चालेल का?

जपून. अल्कोहोल आणि टॅनिन, दोन्हींमुळे मिरचीची आग वाढते. सावजी मटणाच्या झणझणीत रश्शासोबत दाट, तुरट रेड म्हणजे आगीत तेल. हलकी, फळांच्या चवीची, १३-१४ अंशांवर गार केलेली रेड त्यातल्या त्यात बरी. जास्त तुरट रेड हवीच असेल तर ती भाजलेल्या, कमी तिखट मटणासोबत घ्या.

कायदा आणि आरोग्याचं काय?

महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. नागपूरकरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची: शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही आहे. वाइनही त्यात येते. त्यामुळे वर्ध्याच्या नातेवाइकांकडे बाटली भेट म्हणून नेणं हा गुन्हा ठरू शकतो. चंद्रपूरची २०१५ मधली दारूबंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. १२.५ टक्के अल्कोहोल असेल तर एका ग्लासात साधारण १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. वाहन चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायदेशीर मर्यादा आहे, म्हणून प्यायल्यावर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

'रेड वाइन हृदयाला चांगली' या फॉरवर्डवरही विसंबू नका. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. जे पीत नाहीत, त्यांनी आरोग्यासाठी म्हणून सुरू करण्याचं काहीच कारण नाही.