खोदण्याआधी
(भूमिगत वाहिन्यांच्या सर्वेक्षणाची प्रस्तावना)

रायपूरला नळाचे पाणी आले 1892 साली. खारून नदीचे पाणी शहरात आणणाऱ्या त्या योजनेला राजनांदगावचे राजा बलरामदास यांनी मोठी देणगी दिली आणि ‘बलरामदास वॉटर वर्क्स’ हे नाव तिला मिळाले. तेव्हापासून या शहराच्या पोटात काही ना काही पुरले जातेच आहे. कोणत्याही जुन्या भारतीय शहरात हा क्रम साधारण सारखाच दिसतो: आधी बिडाचे पाइप, मग अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे, नंतर डीआय (तन्य बिडाचे) आणि एचडीपीई (प्लॅस्टिकचे), शेजारून विजेची केबल, टेलिफोनची तांब्याची केबल, आणि अलीकडे या सगळ्यांच्या अंगावरून ऑप्टिकल फायबरची डक्ट. नवे टाकताना जुने कुणी काढत नाही. बंद पडलेली वाहिनी जमिनीतच राहते आणि तिची माहिती असलेला माणूस निवृत्त होतो.

काम सुरू होण्याआधी या वाहिन्या कुठून जातात, किती खोल आहेत, कशाच्या आहेत आणि कुणाच्या आहेत हे शोधून नकाशावर मांडणे, एवढा आपला विषय. नवख्या विद्यार्थ्याला तो यंत्र चालवण्याचा विषय वाटतो. यंत्र आठवडाभरात शिकता येते. वर्षे लागतात ती पुरावा तोलायला. नकाशावर निळी रेघ ओढणे सोपे. ती रेघ कशाच्या आधारावर ओढली आणि तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हे तिच्याशेजारी लिहिणे अवघड. पुढच्या सर्व प्रकरणांत मी याच एका गोष्टीचा आग्रह धरला आहे.

ही माहिती केवळ ठेकेदाराच्या सोयीची नाही, हे रायपूरकरांना वेगळे सांगायला नको. 2018 आणि 2020 साली शहरात काविळीची साथ आली तेव्हा नालीतून गेलेल्या नळाच्या पाइपांकडे बोट दाखवले गेले आणि हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत पोचला. नालीतला पाइप बाहेर काढायचा, तर आधी असे पाइप कोणत्या गल्लीत आहेत ते माहीत हवे. मोठ्या शहरांची गत याहून बरी नाही. मुंबईत अंधेरी पूर्वेला सीप्झजवळ 30 नोव्हेंबर 2023 रोजी मेट्रोच्या कामात 1,800 मिलिमीटर व्यासाची मुख्य जलवाहिनी फुटली आणि पश्चिम उपनगरांतल्या लोकांचे पाण्यावाचून काही दिवस हाल झाले. एक माणूस आत उभा राहू शकेल एवढा तो पाइप!

आता साधनांकडे वळू. सर्वांत जास्त वापरला जातो तो लोकेटर. वाहिनीत ठरावीक कंप्रतेचा प्रवाह सोडायचा आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र जमिनीवरून टिपायचे, हे त्याचे तत्त्व. म्हणजे लोकेटरला पाइप कधीच दिसत नाही. त्याला दिसतो प्रवाह. या विषयातल्या निम्म्या चुका हे विसरल्यामुळे होतात. कंप्रता वाढवली की प्रवाह शेजारच्या केबलवर सहज उडी मारतो आणि आपण भलत्याच वाहिनीमागे चालू लागतो. डीआय पाइपांच्या सांध्यात रबरी रिंग असते. तिथे विद्युत्सातत्य तुटते आणि कमी कंप्रतेचा संकेत अचानक मावळतो. शिवाय यंत्र जी खोली दाखवते ती प्रवाहाच्या मध्याची. 600 मिलिमीटरच्या पाइपाची पाठ त्याहून 30 सेंटिमीटर वर असते, आणि जेसीबीचा दात आधी पाठीलाच लागतो.

प्लॅस्टिकचा आणि अ‍ॅस्बेस्टॉसचा पाइप प्रवाह वाहत नाही, म्हणून तिथे जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी ऐकणारे रडार, हाताशी घ्यावे लागते. या तंत्राचा पहिला वापर 1929 साली ऑस्ट्रियात हिमनदीची जाडी मोजायला झाला. बर्फातून लहरी छान जातात. रायपूरच्या जमिनीला मात्र इतके औदार्य नाही.

इथल्या शेतकऱ्याने जमिनीची जी प्रतवारी करून ठेवली आहे, ती सर्वेक्षकाने तोंडपाठ करावी अशी माझी शिफारस आहे. कन्हार म्हणजे सखल भागातली काळी चिकण माती, मटासी पिवळसर, डोरसा या दोहोंच्या मधली, भाठा म्हणजे उंचवट्यावरची लाल, मुरमाड, लोहयुक्त खड्यांची. ओल्या कन्हारात रडारची लहर पुरुषभर खोल जाण्याआधीच विरते. भाठ्यात ती जाते, पण लोहाचे खडे तिला इतक्या ठिकाणी परतवतात की पडद्यावर पाइपाच्या प्रतिध्वनीची कमान आणि खड्यांचा कल्लोळ यांत फरक करणे जड जाते. त्याखाली छत्तीसगढ खोऱ्याचा चुनखडक. त्यातली एखादी पोकळीही पाइपासारखीच कमान उमटवते. भर म्हणून बुजवलेले तलाव आहेतच. तलावांच्या या शहरात रजबंधासारखे तलाव आता मैदानाच्या नावातच उरले आहेत, आणि भराव घातलेली जमीन कोणत्याच नियमाने वागत नाही.

हिशेब पाहा. कोरड्यासर जमिनीत लहर एका नॅनोसेकंदात सुमारे 10 सेंटिमीटर जाते, ओल्या चिकणमातीत सुमारे 6. प्रतिध्वनी 20 नॅनोसेकंदांनी परतला, तर पहिल्या जमिनीत वस्तू 1 मीटरवर असते आणि दुसऱ्या जमिनीत 60 सेंटिमीटरवर. यंत्रात मे महिन्यातला वेग ठेवून ऑगस्टमध्ये काम केले, तर अहवालात 40 सेंटिमीटरची चूक शिरते, तीही धोक्याच्या बाजूने. म्हणून आधी जवळचा व्हॉल्व्ह चेंबर उघडावा, डोळ्यांनी दिसणाऱ्या पाइपाची खोली टेपने मोजावी आणि त्यावरून वेग बसवावा. अर्धा तास जातो, तो कुणी देत नाही, आणि सगळा अहवाल त्या अर्ध्या तासावर उभा असतो.

काँक्रीटच्या रस्त्यात सळ्यांची जाळी असेल, तर दोन्ही साधने अडखळतात. ही अडचण फार जुनी आहे. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपले विद्युत उपकरण घेऊन गेले, तेव्हा गादीतल्या पोलादी तारांनीही त्यांना चकवले.

खरी शिस्त पुढे आहे. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने 2002 साली एक मानक काढले आणि 2022 मध्ये ते सुधारले. माहितीच्या प्रतीचे चार दर्जे त्यात आहेत. ‘डी’ म्हणजे जुने नकाशे आणि लोकांच्या आठवणी. ‘सी’ म्हणजे झाकणे, व्हॉल्व्ह, खांब अशा जमिनीवरच्या खुणा मोजून त्यांच्याशी घातलेला मेळ. ‘बी’ म्हणजे यंत्रांनी केलेला शोध. ‘ए’ म्हणजे चाचणीखड्डा घेऊन वाहिनी प्रत्यक्ष उघडी पाडून केलेले मोजमाप. एकाच पाइपाची रेघ चौकात ‘ए’, पुढे ‘बी’ आणि गल्लीत शिरल्यावर ‘डी’ असू शकते. तसे दाखवायला संकोचू नये. सगळ्या रेघा सारख्याच ठळक असलेला नकाशा माझ्या हाती आला की मी तो काढणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही.

‘डी’ हा सर्वांत खालचा दर्जा म्हणून त्याला तुच्छ लेखू नये. तात्यापारा, सदर बाजार, गोलबाजार अशा जुन्या वस्तीत चावी फिरवणाऱ्या व्हॉल्व्हमनला कोणत्या गल्लीचे पाणी कुठून वळते हे हातांना ठाऊक असते. त्याला चहा पाजून तासभर ऐकावे, सांगितलेले नकाशावर ‘डी’ म्हणून उतरवावे, आणि मग लोकेटर त्याच जागी न्यावा. छत्तीसगढी समजत नसेल, तर समजणारा सोबती घ्यावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. केंद्र सरकारने 22 मार्च 2023 रोजी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. खोदणाऱ्याने आधी सूचना द्यायची आणि त्या जागी ज्यांच्या वाहिन्या असतील त्यांच्यापर्यंत ती पोचायची, अशी त्याची रचना. असमन्वित खोदाईने दरवर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारनेच तेव्हा सांगितले. सूचना पोचते हे उत्तम. पण वाहिनीच्या मालकालाच तिची जागा नेमकी माहीत नसेल, तर उत्तर मोघमच येणार. शहरी रस्त्यात कोणती वाहिनी कुठे असावी हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या 98 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत दिले आहे. जुन्या रस्त्यांनी ते वाचलेले नाही.

पुस्तक कुठूनही उघडा. भूभौतिकीत रस असेल त्यांनी मातीच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. पालिकेत काम करणाऱ्यांनी अहवाललेखनापासून. शेवटचे प्रकरण सर्वांत छोटे आहे आणि त्यात रडारचे नावही नाही. नवा पाइप चरात बसवल्यावर, माती लोटण्याआधी, त्याच्या पाठीचे अक्षांश, रेखांश आणि उंची नोंदवायची, एवढाच त्याचा विषय. नवा रायपूरसारख्या नियोजित शहरात ही सवय लावणे आज शक्य आहे. प्रत्येक सांध्याला काही मिनिटे पुरतात, आणि ती मुकादमाकडून मिळवण्यासाठी निविदेत कोणते कलम घालावे याचा मसुदा त्याच प्रकरणात दिला आहे.