उपचारपूर्व काळातील एच.आय.व्ही. आणि रक्तातील मेद

शिंदखेडा तालुक्यातून सुरत-भुसावळ लोहमार्ग जातो व नरडाण्यापाशी मुंबई-आग्रा महामार्ग त्यास छेदतो. अशा वाहत्या मार्गांवरील प्रदेशाचा आरोग्येतिहास लिहिताना एच.आय.व्ही.चा विचार टाळता येत नाही. रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल कमी आढळले, की माणूस निश्चिंत होतो. उपचार न घेतलेल्या बाधिताच्या बाबतीत ही निश्चिंतता कितपत साधार आहे, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

१९८६ साली मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन यांनी भारतातील विषाणूबाधा प्रथम उजेडात आणली. त्याच सुमारास अमेरिकेत कार्ल ग्रुनफेल्ड व त्यांचे सहकारी रुग्णांच्या रक्तातील मेदाचा अभ्यास करीत होते. एड्सच्या रुग्णांत ट्रायग्लिसराइड वाढते, हे त्यांनी १९८९ मध्ये दाखविले. १९९२ मध्ये या बदलांचा क्रमही स्पष्ट झाला: एच.डी.एल. व एल.डी.एल. ही दोन्ही कोलेस्टेरॉले आधी घटतात. ट्रायग्लिसराइड मागाहून, रोग बळावल्यावर चढते. या वाढीचा संबंध शरीर विषाणूविरुद्ध निर्माण करते त्या इंटरफेरॉनशी दिसून आला. म्हणजे ही घट आरोग्याची नव्हे, तर झुंजीची खूण होय.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने यास बळकटी दिली. त्यातील ५० पुरुषांची बाधेपूर्वीची मोजमापे उपलब्ध होती. बाधेनंतर त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल दर डेसिलिटरमागे सरासरी ३० मिलिग्रॅमने व एच.डी.एल. १२ मिलिग्रॅमने उतरले. औषधोपचारानंतर एल.डी.एल. जवळजवळ पूर्वपदावर आले, एच.डी.एल. मात्र कमीच राहिले. तेव्हा उपचारानंतरची सर्वच वाढ औषधांच्या माथी मारणे युक्त नाही; तिचा काही भाग गमावलेले परत मिळण्याचा आहे. काही जुन्या औषधांनी मेद खरोखरच वाढत असे, हेही नाकारता येत नाही.

भारत सरकारची मोफत औषधयोजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. तरीही औषधे प्रतिकारपेशी ठराविक मर्यादेखाली गेल्यावरच मिळत. २०१७ मध्ये ही अट गेली व प्रत्येक बाधितास उपचार खुला झाला. उपचारपूर्व काळ अशा रीतीने टप्प्याटप्प्याने सरला. त्याचा धडा मात्र शिल्लक आहे. वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या भीतीने कोणी औषध सोडू पाहील, तर आधीचा कमी आकडा हा निरोगीपणाचा दाखला नव्हता, हे त्यास समजावून सांगणे अगत्याचे आहे.