चीनमधला परदेशी चाकरमानी आणि फटफटीचा परवाना

वाहन चालवण्याचा परवाना ही तशी क्षुल्लक वस्तू. ती खिशात पडून असते आणि चौकात हवालदाराने हात आडवा केला म्हणजे आठवते. इतिहासाच्या पुस्तकांत तिला जागा मिळत नाही. लढाया, तह आणि सनावळ्या यांतून सवड झाली तर ना! पण एखाद्या देशात परक्या माणसाला कोणत्या अटींवर राहू देत होते, हे पाहायचे असेल तर हा कागद फार बोलका असतो असे मला वाटते. परवाना म्हटला की दोन प्रश्न आलेच. तो मागणारा कोण, आणि देणारा कोण? चीनमध्ये गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नांची उत्तरे पुरती उलटीपालटी झाली आहेत. आज तिथे नोकरी करणाऱ्या एखाद्या परदेशी माणसाला फटफटी चालवण्याचा परवाना काढायचा झाला, तर त्याला ज्या खिडकीपुढे उभे राहावे लागते त्या खिडकीमागे हा सगळा इतिहास उभा आहे.

सुरुवात शांघायपासून करू. १८४२च्या नानकिंगच्या तहाने चीनची पाच बंदरे परकीयांच्या व्यापाराला खुली झाली, त्यांतले हे एक. पुढे तिथे इंग्रज-अमेरिकनांची मिळून एक आंतरराष्ट्रीय वसाहत झाली आणि तिला लागून फ्रेंचांची वेगळी. उरलेले शहर चिनी अंमलाखाली. १९०१च्या सुमारास शांघायच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी आल्या, तेव्हा एकाच शहरात हे तीन कारभार शेजारी शेजारी नांदत होते. वाहनांना क्रमांक देणे, शुल्क घेणे, नियम करणे हे ज्याने त्याने आपापल्या हद्दीत करावे अशी रीत. त्यामुळे सगळ्या शहरात फिरू पाहणाऱ्या रिक्षावाल्याला, म्हणजे माणूस ओढतो त्या रिक्षाच्या धन्याला, तिन्ही ठिकाणचे परवाने घ्यावे लागत. आपल्याच देशात, आपल्याच गावात, बिचारा परक्यांच्या कचेरीत परवाना मागायला जाई. त्या वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळात १९२८ सालापर्यंत एकही चिनी सभासद नव्हता. कर मात्र चिनी रहिवासी बरोबरीने भरत होते.

आणि चौकात रहदारीला हात दाखवणारा पोलीस कोण, तर पुष्कळदा शीख! १८८४ पासून आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलीस दलात शिखांची वेगळी शाखा होती. जमीन चीनची, हुकूम इंग्रजांचा आणि शिट्टी पंजाबच्या माणसाची. आमच्या वर्गात साम्राज्य या शब्दाची व्याख्या सांगताना मी हा चौक मुलांपुढे उभा करतो. व्याख्या मग पाठ करावी लागत नाही. एखाद्या इंग्रजाच्या मोटारीखाली चिनी माणूस सापडला, तर त्या इंग्रजाचा न्याय शांघायमधल्याच इंग्रजी न्यायालयात होई. चिनी कायदा त्याला लागू नव्हता. म्हणजे त्या काळच्या परदेशी चाकरमान्याला चिनी सरकारकडे परवाना मागण्याची वेळच येत नसे.

ही व्यवस्था कागदोपत्री संपली ती ११ जानेवारी १९४३ रोजी. त्या दिवशी ब्रिटन आणि अमेरिका या दोघांनीही चीनशी नवे करार करून आपले खास हक्क सोडले. पुढे १ जानेवारी १९४६ पासून चीनने रहदारीची बाजूही बदलली. तोपर्यंत इंग्रजी पद्धतीने डावीकडून चालणारी वाहने उजवीकडून चालू लागली. हाँगकाँग आणि मकाव येथे मात्र आजही डावी बाजूच आहे.

१९४९ नंतर परदेशी माणूस चीनमध्ये राहिला, पण वेगळ्या नात्याने. तो आता सरकारी पाहुणा, ‘परदेशी तज्ज्ञ’ झाला. बहुसंख्य तज्ज्ञ सोव्हिएत रशियातले. बीजिंगमध्ये त्यांच्यासाठी मैत्री हॉटेल नावाची एक मोठी वसाहतच १९५४ मध्ये उभी राहिली. पाहुण्याला गाडी मिळे, तिच्याबरोबर ड्रायव्हर मिळे. स्वतः चाक हातात घेण्याचा प्रश्न क्वचितच येई, आणि घेतले तरी जायचे कुठे? शहराबाहेरच्या रस्त्यांवर ‘परकीयांनी यापुढे जाऊ नये’ अशा पाट्या उभ्या असत. १९६०च्या उन्हाळ्यात मॉस्को आणि बीजिंग यांचे बिनसले आणि हे तज्ज्ञही मायदेशी परतले.

फटफटीचा जन्म मात्र याच काळातला. १९५१ मध्ये बीजिंगच्या एका लष्करी कारखान्यात ‘जिंगगांगशान’ नावाची मोटारसायकल तयार झाली. १९५७ मध्ये नानचांगच्या विमान कारखान्यात ‘चांगजियांग ७५०’ निघाली. तिला शेजारी बसायची डोली जोडलेली. तिचे घराणे गमतीचे आहे. ती उतरली रशियन एम-७२ वरून आणि ती रशियन उतरली जर्मन बीएमडब्ल्यू आर-७१ वरून. १९६०च्या सुमारास शांघायमध्ये ‘शिंगफू’, म्हणजे ‘सुख’, ही गाडी आली, ती चेक बनावटीच्या जावाची नक्कल. आपल्याकडे म्हैसूरला जावा तयार होऊ लागली १९६१ मध्ये, म्हणजे जवळपास त्याच वेळी. आपल्याकडच्या एखाद्या हौशी मास्तरांना कर्ज काढून ती घेता आली. चीनमधले ‘सुख’ मात्र बहुधा पोलीस, टपाल आणि सरकारी खात्यांच्या वाट्याला गेले.

१९७८ नंतर दारे किलकिली झाली. १९७९ मध्ये चोंगचिंगच्या एका शस्त्रास्त्र कारखान्याने जियालिंग नावाची ५० सीसीची लहानशी दुचाकी काढली, दोन वर्षांनी होंडाशी संधान बांधले, आणि १९९३ पर्यंत चीन जपानला मागे टाकून मोटारसायकलींच्या उत्पादनात जगात पहिला झाला. परदेशी माणसेही पुन्हा आली: इंजिनिअर, भाषाशिक्षक, व्यापारी, आणि त्यांत पुढे आपलीही काही. या वेळी ती वसाहतीचे मालक म्हणून आली नाहीत आणि सगळीच सरकारी पाहुणीही नव्हती. नोकरदार म्हणून आली. १९८६ पासून अमलात आलेल्या कायद्याने त्यांना खुल्या नसलेल्या भागांत जाताना प्रवासाचा वेगळा परवाना लागे. १९९६ मध्ये परदेशी लोकांच्या नोकरीबद्दल स्वतंत्र नियम झाले. त्यांच्या गाड्यांना काळी पाटी असे. चिनी नागरिकाच्या लहान मोटारीला निळी, परदेशी माणसाच्या गाडीला काळी. लांबूनच ओळखू यावा असा बंदोबस्त. हा रंगभेद २००७ मध्ये गेला.

आता परवान्याकडे येऊ. इथे आपल्या माणसाची पहिली ठेच लागते. पुण्या-मुंबईहून निघताना तो आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढतो आणि निश्चिंत होतो. हा कागद १९४९च्या जिनिव्हा करारावर उभा आहे. चीनचे आजचे सरकार त्या करारात नाही, आणि १९६८च्या व्हिएन्ना करारातही नाही. त्यामुळे चीनच्या मुख्य भूमीवर त्या पुस्तिकेची किंमत शून्य. हाँगकाँगला ती चालते, सीमा ओलांडून शेन्झेनला पाऊल टाकले की चालत नाही. फ्रान्ससारख्या काही देशांनी चीनशी परस्पर मान्यतेचे करार केले आहेत, पण बाकीच्यांना चिनी परवानाच काढावा लागतो. तो देणारे खाते म्हणजे तिथले पोलीस.

२००४ मध्ये अमलात आलेला रस्ता सुरक्षेचा कायदा आणि त्याखालचे नियम यांनी याची रीत घालून दिली आहे. पासपोर्ट, राहण्याची परवानगी आणि स्थानिक पोलिसांकडे केलेली राहत्या घराची नोंद ही पहिली शिदोरी. मग डोळे, कान, हातपाय यांची वैद्यकीय तपासणी. मग मायदेशीच्या परवान्याचे चिनी भाषांतर, तेही मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून. या भाषांतरात खरी मेख आहे. मूळ परवान्यावर मोटारसायकलचा वर्ग स्पष्ट लिहिलेला असेल, तरच त्या वर्गाची मागणी करता येते. नुसता मोटारीचा असेल तर मोटारीचाच मिळेल, आणि चीनमध्ये मोटारीच्या परवान्यावर फटफटी चालवणे म्हणजे परवान्याशिवाय चालवणेच. मूळ परवान्यावर वर्ग असला तर फक्त लेखी परीक्षा, तीही संगणकासमोर बसून. मोटारसायकलसाठी ५० प्रश्न, दर प्रश्नाला २ गुण, आणि उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ९० हवेत. आमच्या विद्यापीठाने ही अट लावली तर पदवीदान समारंभ एखाद्या लहान खोलीत उरकेल! मोठ्या शहरांत ही परीक्षा इंग्रजीत आणि आणखी काही भाषांत देता येते. सगळीकडे ही सोय सारखी नाही.

मायदेशी मोटारसायकलचा परवाना नसेल त्याला सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. लेखी परीक्षा झाली की मैदानावर खांबांमधून गाडी वळवणे, चढावावर ठरल्या जागी थांबून पुन्हा निघणे आणि अरुंद फळीवजा पुलावरून गाडी नेणे. आपल्याकडच्या आठच्या आकड्याची ही चुलत भावंडे. त्यानंतर रस्त्यावरची परीक्षा आणि शेवटी सुरक्षित व सभ्य वाहनचालनावर पुन्हा प्रश्न.

परवान्याचे वर्ग तीन: डी म्हणजे तीन चाकी मोटारसायकल, ई म्हणजे दोन चाकी, आणि एफ म्हणजे हलकी. गंमत अशी की डी वर्गात बाकीचे दोन्ही येतात. म्हणून जाणकार माणूस परीक्षा देतो ती तीनचाकीवर. ती पडत नाही, पाय टेकावा लागत नाही. आणि तीन चाकांवर पास झालेला माणूस दुसऱ्या दिवशी दोन चाकांवर कायदेशीर स्वार होतो. हा नियम मला काही पटत नाही, पण आहे खरा. डोलीवाल्या जुन्या चांगजियांगचे वेड लागलेल्या परदेशी मंडळींना तर डी वर्गावाचून गत्यंतरच नसते, कारण डोली म्हणजे तिसरे चाक.

इतके करून हातात परवाना आला, तरी रस्ता मिळेलच असे नाही. परवाना देशभर चालतो, पण दुचाकी कुठे चालवू द्यायची हे प्रत्येक शहर ठरवते. ग्वांगझौने १ जानेवारी २००७ पासून शहरात मोटारसायकलींना पूर्ण बंदी केली. फटफटीवरून येऊन पर्सा हिसकावून पळणाऱ्या चोरांचा सुळसुळाट हे त्याचे एक मोठे कारण. बीजिंगमध्ये दुचाकीच्या क्रमांकाचे दोन वर्ग आहेत. ‘ब’ वर्गाच्या गाडीला चौथ्या वर्तुळाकार रस्त्याच्या आत येता येत नाही. ‘अ’ वर्गाचे क्रमांक मोजके, त्यामुळे त्यांना गाडीहून जास्त भाव येतो. उलट शिआनने २०१७ मध्ये आपली जुनी बंदी आधी प्रयोग म्हणून उठवली. म्हणून नोकरी कोणत्या शहरात आहे हे आधी पाहावे, गाडी मागाहून.

तुम्ही म्हणाल, एवढी यातायात कोण करतो? पुष्कळजण करत नाहीत हेच तर दुखणे आहे. दुकानातून विजेची स्कूटर घ्यायची आणि सुटायचे. सगळेच चालवतात, सायकलच ती! पण एप्रिल २०१९ पासून सायकल कोणाला म्हणायचे हे चीनने राष्ट्रीय मानकाने ठरवले: वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, विजेची मोटर ४०० वॅटपर्यंत, वजन ५५ किलोपर्यंत. २०२४ मध्ये हे मानक सुधारले आणि काही प्रकारांना वजनात थोडी सूट मिळाली, वेगाची मर्यादा तीच राहिली. त्यापलीकडची विजेची गाडी कायद्याने मोटारसायकल ठरते आणि तिला परवाना लागतो. आवाज नाही, धूर नाही, फटफट नाही, तरी ती फटफटीच.

परवान्याशिवाय सापडले तर २०० ते २००० युआन दंड, आणि वर १५ दिवसांपर्यंत पोलीस कोठडी. परदेशी माणसाला देश सोडून जाण्याचा हुकूमही होऊ शकतो. पण कोठडीपेक्षा मला भीती वाटते ती अपघाताची. २००६ पासून चीनमध्ये वाहनाचा विमा सक्तीचा आहे. पण चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर विमा कंपनी जखमीच्या तातडीच्या उपचाराचे पैसे आधी भरते आणि नंतर ते चालवणाऱ्याकडून वसूल करू शकते. भाजी विकून घरी चाललेल्या एखाद्या म्हातारीला धक्का लागला, तर तिच्या पायाचा, दवाखान्याचा, बुडालेल्या कमाईचा सगळा हिशेब त्या चाकरमान्याच्या पगारातून जायचा. शांघायच्या जुन्या वसाहतीतल्या साहेबाला हा हिशेब चिनी न्यायालयापुढे कधी द्यावा लागला नव्हता.