भोसले, उमाबाई
(सोळावे-सतरावे शतक). निजामशाहीतील सरदार मालोजीराजे भोसले यांच्या पत्नी व छत्रपती शिवाजी महाराजांच्या आजी. दीपाबाई या नावानेही ओळख. माहेर फलटणच्या नाईक-निंबाळकर घराण्याचे. या सोयरिकीने वेरूळच्या भोसल्यांना बळ मिळाले. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरास केलेल्या नवसानंतर झालेल्या दोन पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेवल्याचे परंपरा सांगते. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत धारातीर्थी पडले. तेथील गढी आणि त्यांची छत्री आजही दाखवितात. मुले लहान असल्याने दीर विठोजीराजे यांनी जहागिरीचा कारभार सांभाळला. सती जाण्यास निघालेल्या उमाबाईंना त्यांनीच परावृत्त केल्याचे सांगतात.

वंशविस्तार : शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजीराजांना जिजाबाईंपासून संभाजी व शिवाजी, तर तुकाबाईंपासून व्यंकोजी हे पुत्र झाले. शिवाजी महाराजांच्या वंशातून सातारा व कोल्हापूर या गाद्या निर्माण झाल्या. व्यंकोजींनी तंजावरचे राज्य स्थापिले. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये, तर तंजावरचे १८५५ मध्ये इंग्रजांनी खालसा केले. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात १८०३ मध्ये कोरलेल्या मराठी शिलालेखात या वंशाचा विस्तृत इतिहास आहे.